भोईरकाकांची ग्रॅच्युइटी वही

भोईरकाका हात लावून ताप सांगायचे. माणसाचा नव्हे, पाइपाचा. चालता चालता उलटा तळवा पाइपाला टेकवायचे आणि म्हणायचे, "बेचाळीस." मीटर बघावं तर बेचाळीस, फार तर त्रेचाळीस. पंपाची तब्येत बघायला त्यांच्याकडे एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक पंपाच्या अंगाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत उभे. ऐकून झालं की पंपाला थोपटून म्हणायचे, "खोकतोय बिचारा."

हा खोकणारा पंप दोन नंबरच्या रिअॅक्टरचा. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या पंपाभोवतीच फिरतं. रिअॅक्टर म्हणजे झाकणबंद पोलादी भांडं, आत दोन माणसं सहज उभी राहतील एवढं. आतला माल शिजायला लागला की आपोआप तापतो, म्हणून भांड्याच्या बाहेरून सतत गार पाणी फिरवावं लागतं. ते काम पंपाचं. पंप थांबला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर ताप चढत जातो, आणि मग जवळ असेल त्या माणसाचं काही खरं नाही. जोडीला दुसरा पंप होता, पण त्याची मोटर दुरुस्तीला गेली ती गेलीच. अलार्मही होता. तो उगाच वाजतो म्हणून त्याची वायर काढून ठेवलेली. आता बोला!

मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट होते. आनंदनगरच्या एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी, रंगांसाठी लागणारी रसायनं करायची. मी बदलापूरहून, बेलवलीतून, कंपनीच्या बसने यायचे. भोईरकाका शेजारच्याच गावातून सायकलवर यायचे, कारण प्लांट उभा होता ती जमीनच मुळात भोईरांची. वरकस जमीन, नाचणी-वरी पिकायची. "दोन नंबरच्या खाली आमचा खळा होता, ताई," हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. दर वेळी पायाखाली बघून सांगायचे. जमीन गेली त्याचा राग त्यांच्या बोलण्यात मी कधी ऐकला नाही. उलट, आपल्याच अंगणात कोणी पाहुणा उतरलाय आणि त्याचं नीट व्हायला हवं, अशी काळजी. शिफ्ट इनचार्ज म्हणून हाताखाली पंधरा माणसं. त्यातला एकही उपाशी कामाला लागलेला त्यांना चालायचा नाही. आल्या आल्या विचारायचे, "भाकर खाल्लास क?" नाही म्हटलं की स्वतःचा डबा पुढे.

एके दिवशी नोटीस लागली, इंग्रजीत. शनिवारी ग्रॅटिट्यूडवर व्याख्यान. आमच्या लोकांनी वाचलं ग्रॅच्युइटी. मग काय, सगळा प्लांट हजर. रजेवरचेसुद्धा आले. शिंदे तर नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स घेऊन पहिल्या रांगेत. शिंदे म्हणजे दोन नंबरचा ऑपरेटर, चाळिशीचा, उल्हासनगर कॅम्प पाचचा. आजूबाजूला सगळे सिंधी शेजारी, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा. व्याख्यानाला आलेल्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, रोज तीन गोष्टी लिहा, ज्यांच्याबद्दल मनापासून आभार मानावेसे वाटतात. महिन्याभरात आयुष्य बदलेल. शिंदेने हात वर केला. "मॅडम, पाच साल पूरे नसतील तर?"

"अजिबात गरज नाही! आजपासून सुरू करा," बाई म्हणाल्या, आणि मागच्या रांगेत टाळ्या पडल्या.

घोळ कळल्यावर सगळे शिव्या घालत पांगले. हसरे चेहरे छापलेल्या चिमुकल्या वह्या वाटल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वडापाव बांधायला. एकट्या भोईरकाकांनी ते मनावर घेतलं. लॅबमध्ये येऊन म्हणाले, "ताई, एक नीट वही द्या मना. ह्या वहीत काय मावत नाय." मी कपाटातलं एक कोरं, जाड पुठ्ठ्याचं लॉगबुक काढून दिलं. त्यात रकाने होते: दिनांक, वेळ, निरीक्षण, शेरा. काकांनी आयुष्यभर रकानेच भरलेले. त्यांनी आभारही रकान्यातच मानायला सुरुवात केली.

त्या वहीला प्लांटमध्ये नाव पडलं, ग्रॅच्युइटी वही. जेवणाच्या सुट्टीत ते लॅबच्या पायरीवर बसून लिहायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ किंचित बाहेर. लिहून झालं की मला दाखवायचे, पहिलीतलं पोर बाईंना पाटी दाखवतं तसं. सुरुवातीच्या नोंदी अशा:

"सकाळी ६.१०. म्हशीला रेडी झाली. दोघी ठीक. शेरा : आभार."

"दुपारी १.००. मंजुळाची साखर उतरली. शेरा : डॉक्टर आणि मेथी, दोघांचे आभार." मंजुळा म्हणजे त्यांची बायको.

मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू, मी घरी नवऱ्याला त्या नोंदी सांगून हसवायचे. मग एक दिवस वाचलं:

"१०.४०. दोन नंबरचा पंप बंद पडला. ताप ९८ पर्यंत चढला. शिंदे लघवीला चालला होता, त्याला दिसलं. पंप चालू केला. शेरा : शिंदेच्या लघवीचे आभार."

मी हसले. मग तो आकडा पुन्हा वाचला. त्या मालाचा ताप ऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नसतो.

"काका, हे काय?"

"जिवावरचं शेपटावर निभावलं," काका म्हणाले आणि वही मिटून पाणी प्यायला गेले.

त्यानंतर मी ती वही हसण्यासाठी कधी वाचली नाही. पण वाचायचं थांबवलंही नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी पंप यायचाच. "पंप बंद. वीज गेली म्हणून सगळेच बाहेर आले, तेव्हा कळलं. वीज गेल्याचे आभार." "पंप बंद. शिंदे डबा विसरला म्हणून परत आला. त्याच्या बायकोने भेंडी दिलेली. भेंडीचे आभार." "पंप बंद. मांजर ओरडलं." कधी वीज, कधी भेंडी, कधी मांजर. माणूस नेमून ठेवलाय, त्याने वेळेवर बघितलं आणि वाचलो, असं एकदाही नाही. अशा नोंदी दीड वर्ष येत राहिल्या. काकांना मात्र प्रत्येक नोंदीत देवाचा हात दिसायचा. ते दिवसेंदिवस जास्तच शांत होत चालले होते, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटायला लागली होती.

आता दुसरं रजिस्टर सांगते, म्हणजे कळेल. कारखान्यात एक नियर मिस रजिस्टर असतं. अपघात होता होता टळला, तर त्यात लिहायचं, म्हणजे वरचे लोक येऊन दुरुस्ती करतात. आमच्याकडे त्यात रोज एकच शब्द असायचा: निरंक. म्हणजे काही घडलं नाही. खाली सही, पां. तु. भोईर. रोज रोज लिहून बोटं दुखतात म्हणून काकांनी उल्हासनगरहून 'निरंक'चा रबरी शिक्का करून आणला होता. सकाळी आले की आधी शिक्का मारायचे, सही करायचे, आणि मग दिवस सुरू. दिवस सुरू व्हायच्या आधीच त्या दिवशी काही घडलेलं नसायचं!

एकदा मला राहवलं नाही. मी शिक्का उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"काका, जे त्या वहीत लिहिता ते इथे लिहा. एकदाच लिहा."

"लिवलं तर काय व्हईल सांगू?" ते अजिबात चिडले नाहीत. "साहेब म्हणतील, तू काय करत व्हतास? मग चौकशी. मग प्लांट बंद. कंत्राटावरची पन्नास माणसं घरी. चुली कोणाच्या बंद व्हतील, ताई? साहेबाची नाय."

"आणि कोणी मेलं म्हणजे?"

"आतापर्यंत मेलं क कोण?"

"काका, माणसाला शेपूट असतं तरी किती लांब? किती वेळा निभावणार त्याच्यावर?"

ते म्हणाले, "आभार मानतो ना मी रोज. ज्याचे आभार मानतो, तो पुन्यांदा मदतीला येतो. आमची आय सांगायची." आणि ड्रॉवर उघडून शिक्का काढून घेतला.

कपाळ माझं! ह्या माणसाला काय सांगणार? मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लॅब बघा." मी लॅब बघायला लागले. माझंही सांगायला हवं. पंप बंद पडून गेला की त्या बॅचचा माल गडद यायचा, चहा जास्त उकळला की येतो तसा. तो गडद माल माझ्या टेबलावर यायचा आणि मी लिहायचे, "रंग किंचित गडद. चालेल." नापास केला असता तर कारण विचारलं गेलं असतं. मी नापास केला नाही. काकांना शहाणपण शिकवायला मी पुढे, आणि सही करताना त्यांच्याच रांगेत.

त्या दसऱ्याला काकांनी दोन नंबरला झेंडूची ही एवढी माळ घातली, बूट काढून हात जोडले. पंपावर नवी लिंबू-मिरची बांधली. बेअरिंग बदलायचं होतं, बदलली लिंबू-मिरची. शिंदे बाजूला उभा होता. मला म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी आहे ना इधर. पंपाला पण माहीत आहे, शिंदे आल्याशिवाय फुटायचं नाही." सगळे हसले. काकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. म्हणाले, "असं बोलू नको रं मेल्या."

जानेवारीत काकांच्या पुतणीचं लग्न निघालं. त्यांच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त मान. गावभर मांडव, बेंजो, सगळं साग्रसंगीत. काका रजा घ्यायला तयार नव्हते. आम्हीच मागे लागून त्यांना पाठवलं. रजिस्टरवर सकाळचा शिक्का दुसऱ्या इनचार्जने मारला.

दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या टेबलावरच्या काचेच्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. मग आवाज आला. फार मोठा नव्हता, हेच मला अजून विचित्र वाटतं. मोठं पातेलं वरून खाली पडावं तेवढाच. मग वाफेचा फूत्कार, आणि मग माणसं. पंप बंद पडलेला कोणाला दिसला नव्हता. दोन नंबरच्या झाकणाजवळचं पॅकिंग गेलं होतं आणि उकळता माल पिचकारीसारखा बाहेर आला होता. सगळे बाहेर पळत असताना शिंदे पंपाकडे पळाला. नेहमीची सवय. दोघं भाजले, ते वाचले. शिंदे तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारला.

काकांना मांडवात फोन लागला. नातेवाईक म्हणाले, "पांडू, देवाची कृपा, आज तू नव्हतास." हे ऐकून काका उठले आणि तसेच कोणाची तरी स्कूटर घेऊन निघाले. गेटवर वॉचमनने त्यांना ओळखलंच नाही. चेहरा, मान, हात, सगळं हळदीने पिवळं, आणि डोळे लाल. त्यांनी धावत जाऊन दोन नंबरच्या पाइपाला हात लावला आणि भाजला म्हणून मागे घेतला. आकडा सांगितला नाही.

चौकशी आली. अधिकाऱ्यांनी रजिस्टरं नेली. दीड वर्षाचं निरंक, एकाखाली एक, निळ्या शाईत, जवळजवळ प्रत्येकाखाली भोईर. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना एकेकटं बोलावून सांगितलं की पंप पहिल्यांदाच बंद पडला. रजिस्टर तसंच सांगत होतं. दुसरं काही सांगणारी एकच वस्तू जगात होती, ती काकांच्या घरी ट्रंकेत, आणि तिच्यात काय लिहिलंय ते माहीत असलेली माणसं दोन. काकांनी ती दिली असती तर सगळ्यात आधी तेच अडकले असते. मी त्यांना काही विचारलं नाही. वही ट्रंकेतच राहिली.

शिंदेचं तेरावं झालं, त्यानंतरच्या रविवारी काकांचा फोन आला. "ताई, कॅम्प पाचला येताव क माझ्याबरोबर? शिंद्याच्या घरी. ती वही वाचून दाखवायची हाय त्याच्या बायकोला."

"कशाला, काका?"

"तिला कळू दे ना. तिचा नवरा किती वेळा आमच्या सगळ्यांच्या मदतीला आला. सतरा वेळा नाव हाय त्याचं. मी मोजलं."

काय होणार ते मला फोनवरच दिसलं होतं. त्यांना दिसलं नव्हतं, तुमची शपथ. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिच्यासाठी काहीतरी चांगलं घेऊन चाललेत. मी म्हणू शकले असते, काका, नका जाऊ. मी म्हटलं, येते.

तळमजल्यावरची एक खोली. शिंदेची बायको, रेखा, जीन्सच्या ढिगात बसली होती. कॅम्प पाचच्या कारखान्यांतून शिवून आलेल्या पँटी, त्यांचे सुटे धागे कापायचं काम. दुःखाला सुट्टी नसते त्या घरांत. शेजारच्या सिंधी दादीने चहा आणून ठेवला आणि दारातच बसून राहिली. काकांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. दिनांक, वेळ, निरीक्षण, शेरा, सगळं.

लघवीची नोंद आली तेव्हा रेखा हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवून हसली. "असेच होते ते," म्हणाली. काकांना हुरूप आला. भेंडीची नोंद वाचली. ती म्हणाली, "ती भेंडी जळली होती त्या दिवशी." कात्री चालूच होती, कच, कच. काका वाचत गेले. पंप बंद, शिंदे आला, आभार. पंप बंद, शिंदेला दिसलं, आभार. आठवी, नववी नोंद झाली असेल. कात्री थांबली.

"काका, हा पंप तोच का?"

"तोच."

"सतरा वेळा?"

"सतरा वेळा शिंदे. तसे जास्त." एवढं बोलून काका थांबले. बोट ओळीवरच होतं.

"म्हणजे तुम्हाला एवढ्या वेळा माहीत होतं," रेखा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. हिशेब जुळवून बघावा तसं म्हणाली.

काकांनी चष्मा काढला. काहीतरी सांगतील असं मला वाटलं. चुली, पन्नास माणसं, साहेब. ते म्हणाले, "हो."

"त्यांना पण?"

"त्याला पण."

"मला नव्हतं." तिने मांडीवरची पँट बाजूला ठेवली. "मी रोज डबा देत होते. मला कोणीच नाही सांगितलं. ही वही इथे ठेवा. ते चौकशीवाले साहेब मला गुरुवारी बोलावतायत. मी देते त्यांना."

दारातली दादी माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. काकांनी वही मिटली, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली आणि परत मागे घेतली. मला वाटलं, आता नाही म्हणतात.

"अशी नका देऊ, पोरी," ते म्हणाले. "ह्याच्यावर सह्या नायत. बिनसहीचं कोण मानणार नाय. म्हणतील, कोणीपण लिवलंय." मग माझ्याकडे वळले. "ताई, पेन हाय?"

मी दिलं. पहिलं पान उघडून त्यांनी सही केली, पूर्ण नाव, खाली शिफ्ट इनचार्ज, खाली त्या दिवशीची तारीख. मग दुसरं पान. म्हशीच्या पानावरही केली, मेथीच्या पानावरही. रेखाने कात्री उचलली. मध्येच एका पानावर काका थांबले आणि वही माझ्याकडे तिरकी केली. "माल काळा आला. लॅबच्या ताईंनी चालवून घेतला. ताईंचे आभार."

"इथं तुमचं हाय, ताई. खोडू क?" अगदी हळू विचारलं त्यांनी.

मला हो म्हणायचं होतं. घर, नोकरी, मुलगी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. रेखाची कात्री कच, कच चालू होती. तिने ऐकलं होतं की नाही ते आजही मला माहीत नाही.

"राहू दे," मी म्हटलं.

त्यांनी त्याखाली सही केली आणि पान उलटलं. मला मुलीला शिकवणीहून आणायचं होतं, मी निघाले. रस्त्यावरून मागे वळून बघितलं. दारातून काका दिसत होते, वहीवर वाकलेले, बाजूला चहावर साय धरलेली. अजून अर्ध्याहून जास्त सह्या बाकी होत्या.